वरच्या गॅलरीपर्यंत

मुंबई,
१२ सप्टेंबर २०२४

आत्या,

आधी तुझ्या पायावर डोकं ठेवते, मग भांडते.

मागच्या रविवारी फोनवर तुला सांगितलं की मला नोकरीत कायम केलं. तू म्हणालीस, "म्हैस बरी हाय." दिवाळीला कोणत्या रंगाची साडी आणू असं विचारलं, तर "व्हय, पाऊस झाला" म्हणून फोन ठेवून दिलास. वडगावला टॉवरचं काही खरं नाही हे मला माहीत आहे, पण दर वेळी असंच होतं. म्हणून आता पत्र. लिहायला-वाचायला तूच शिकवलंस. आई-अण्णा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की तुझ्या ओसरीवर बसून मी त्यांना पत्रं लिहायची, आठवतं ना? आता तुला लिहिते.

तर नोकरी ऑपेरा हाऊसमधली. ऑपेरा म्हणजे असं नाटक, ज्यात सगळी माणसं गाऊनच बोलतात. भांडणसुद्धा गाऊन. इंग्रजांच्या राज्यात, त्यांचा राजा मुंबईला आला तेव्हा या थेटराचं उद्घाटन झालं, तेही पुरतं बांधून व्हायच्या आत. आधी विलायतेच्या मंडळ्या इथं गायल्या, मग आपली संगीत नाटकं झाली, मग सिनेमा आला आणि हे टॉकीज झालं. पुढं वीस वर्षांहून जास्त काळ बंद पडलं होतं. कारागिरांनी जुने रंग खरवडून, तुटलेली नक्षी पुन्हा घडवून ते उभं केलं. खेळ असला की मी लोकांना त्यांच्या जागेवर बसवते, आणि एरवी बघायला येणाऱ्यांना इमारत दाखवते. बी. ए.ला इतिहास घेतला तेव्हा सगळे हसले होते. आता त्यावरच पोट चाललंय.

तुला एकदा इथं बसवायचंय. ज्या घरात बाई दळताना, निवडताना, झाडताना गात असायची त्या घरात मी वाढले. मला हे थेटर का आवडतं ते तुलाच कळेल. मामांना नमस्कार.

तुझी,
प्रियदर्शनी


युसूफ वडगाव, ता. केज
२८ सप्टेंबर

चि. प्रियदर्शनीला आत्याकडून लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. अजिनाथ पोस्टमन दारातूनच वरडला, "मंजुळाबाई, कोर्टाची नोटीस आली का काय?" हातानं लिवलेलं पाकीट आजकाल कुनाला येतंय. म्या दोनदा वाचलं, मग ह्यांनी वाचलं, मग पुन्हा म्या वाचलं.

एक घोटाळा झालाय, रागावू नको. तू फोनवर सांगितलं तवा मला आपरेशन थेटर असं ऐकू आलं. रेंज न्हाई ना. म्या शेजारच्या बायनाबाईला सांगून टाकलं की आमची पोरगी मुंबईला आपरेशन थेटरात लागली. दुसऱ्या दिवशी बाई गुडघ्याचा एक्सरे घेऊन दारात हजर. म्हनली, पोरीला इचार, तिथं स्वस्तात व्हईल का. आता तिला सांगितलं की तिथं नुसतं गातेत, तर म्हनली, गान्यानं गुडघा बरा होत आसंल तर तसं कळीव.

तू कायम झालीस ह्याचा मला लई आनंद झाला. ग्रामदैवताला नारळ फोडला. सोयाबीन काढायला आलंय, म्हैस नवव्या महिन्यात हाय. मुंबईला येनं काय जमत न्हाई. तू सुखात ऱ्हा. साडी नको, हायत्या लई.

तुझी आत्या


मुंबई,
२० ऑक्टोबर

आत्या,

एक्सरेचा किस्सा मी इथं सगळ्यांना सांगितला. आमच्या मॅनेजर मॅडम हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या.

आता येत नाहीस तर बसल्या जागी दाखवते. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा नुसता गलका असतो. दारातून आत आलं की पायाखाली संगमरवर, आणि डोक्यावर काचेची झुंबरं, आपल्या वाफ्यातल्या वांग्याच्या झाडाला फळं लगडावीत तशी लोलकांनी लगडलेली. मग आतलं दार उघडते. इथं मी मुद्दाम एक क्षण थांबते, कारण प्रत्येक माणूस आत पाऊल टाकलं की आधी वर बघतो आणि तोंड उघडतो. कलेक्टर असो की शाळेतली पोरं, सगळ्यांचं तेच. लाल गालिचा, लाल खुर्च्या, सोनेरी नक्षी, बड्या लोकांसाठी वेगळे कोनाडे आणि वर चितारलेला घुमट. बांधलं तेव्हा माईक नव्हता. म्हणून छत आणि घुमट अशा बेतानं केले की स्टेजवरचं गाणं वरच्या गॅलरीत, स्वस्त तिकिटावर बसलेल्यालाही पोचावं.

परवा एक म्हातारं जोडपं आलं होतं. आजी लहानपणी वडिलांबरोबर इथं सिनेमा बघायला यायच्या. मी म्हटलं, चला, आज साहेब लोकांच्या कोनाड्यात बसा. बसल्या, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "इथून मला काही ओळखीचं वाटत नाही." मग जिना चढून वरच्या गॅलरीत गेल्या, टेकल्या, आणि तिथं त्यांचा चेहरा फुलला. आजोबा खालून हात हलवत होते, जणू त्या सासरी निघाल्यात.

ऐक. जानेवारीत इथं खरा ऑपेरा आहे. विलायती मंडळी येणार. मी तुझं तिकीट काढून ठेवलंय. केजहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालीस की सकाळी इथं. तोवर सोयाबीन निघेल, म्हैस व्यायलेली असेल. आता कारण सांगू नकोस.

प्रियदर्शनी


युसूफ वडगाव
१४ नोव्हेंबर

चि. प्रियदर्शनी,

पत्र भेटलं. म्हैस व्यायली, रेडी झाली. ज्वारी पेरली. मला गाडीत बसवत न्हाई, मळमळतं. तिकीट दुसऱ्या कुनाला दे, वाया घालू नको. माझी वाट बघू नको.

आत्या


मुंबई,
९ डिसेंबर

आत्या,

हे पत्र लिहून दोनदा फाडलं.

अण्णांचा कारखान्यावरून फोन आला होता. बोलता बोलता म्हणाले की तू तलवाड्याला लग्नाला गेली होतीस. केजहून तलवाडा किती लांब ते मला कळतं. तिथं मळमळलं नाही, मुंबईच्या नावानं मळमळतं. आणि लग्न कुणाचं, तर ज्या स्थळाला मी नाही म्हटलं त्याच मुलाचं.

ते स्थळ तू आणलं होतंस. मी नाही म्हणून मुंबईला निघून आले तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस, उलट वाटेत खायला धपाटे बांधून दिलेस. मला वाटलं, तू समजून घेतलंस. पण त्यानंतर फोनवर तू कधी नीट बोलली नाहीस. मी एक विचारते, तू दुसरंच सांगतेस. उन्हाळ्यात राजनंदिनीच्या हळदीला मला रजा मिळाली नाही, आणि आई सांगते की त्या हळदीत तू तोंडसुद्धा उघडलं नाहीस. पोटच्या पोरीच्या हळदीत तू गायली नाहीस! साऱ्या गावाच्या हळदी तुझ्या गळ्यावर झाल्यात. मी आले नाही म्हणून तुझं मन एवढं उठलं का? की पोरगी थेटरात कामाला आहे असं लोक बोलतात, त्याची लाज वाटते?

असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. फक्त म्हशीच्या आडून बोलू नकोस.

प्रियदर्शनी


युसूफ वडगाव
१७ डिसेंबर

माझ्या लेकरा,

तुझं पत्र वाचून म्या चूल इझवली आन् आधी हे लिवायला बसले.

तू समदं उलटं धरून बसलीस. तलवाड्याच्या पोराचं म्या कवाच इसरले. त्याच्या लग्नात जिलेबी खाल्ली, आन् त्याची नवी सासू बघून म्हनलं, बरं झालं, आमची पोरगी सुटली. थेटराची लाज कावून वाटंल? सिदूच्या दुकानावर तुझं पत्र दाखवून आले मी.

खरं हे हाय की मला ऐकू येत न्हाई.

तीन वर्सं झाली. आधी वाटलं कानात मळ हाय. मग हळूहळू पाखरं गेली, पाटल्यांची किनकिन गेली, बायांचं बोलनं गेलं. बाप्याचा जाड आवाज जवळून येतो. फोनवर तर नुसती चिरचिर. तू काय बोलतीस ते अंदाजानं धरते आन् अंदाजानं उत्तर देते. म्हशीचं म्हनून बघितलं, तू हसलीस आसं वाटलं, तर बरं वाटलं. दवाखान्यातून मशीन आनलंय. शांत जागी एका मानसाशी बोलाया बरं हाय. चार मानसं जमली की भांडी, पोरं, टॅक्टर समदं एकदमच अंगावर येतं, मग काढून ठेवते.

गान्याचं सांगते. राजनंदिनीच्या आधी एका हळदीत म्या गात व्हते. बाकीच्या बाया कडवं संपवून थांबल्या आन् मी एकटीच पुढं गात ऱ्हायले. डोळे मिटलेले. सूरबी कुठल्या कुठं गेलता म्हनं. डोळे उघडले तर पोरी पदर तोंडात धरून हसत व्हत्या. कुनी वाईट न्हाई बोललं. सगळ्या म्हनल्या, लई छान झालं मंजुळाबाई. तेच लागलं. त्या दिसापासून म्या तोंड उघडलं न्हाई. स्वतःचाच आवाज मला कळंना, तर गावं कसं? राजनंदिनीच्या हळदीत म्या नुसतं कुंकू लावत फिरले.

आता तूच सांग, गान्याच्या घरात बहिऱ्या बाईला आनून काय करशील? तिकिटाचा नास आन् तुझा हिरमोड. तू लोकांना एवढं समजावून सांगतीस, आन् तुझीच आत्या धोंड्यावानी बसून ऱ्हाईल. म्हनून न्हाई म्हनलं.

आता रडू नको. म्या कवाच रडून मोकळी झालेय. फोनवर न्हाई, पन पत्रात मला तुझा आवाज येतो.

आत्या


मुंबई,
२६ डिसेंबर

आत्या,

रडले. मग तोंड धुतलं आणि लिहायला बसले.

तुला एक गंमत सांगायची राहूनच गेली. ऑपेरा बघायला येणाऱ्यांत गाण्याचे शब्द कळणारं जवळजवळ कुणी नसतं! गाणं इटलीच्या भाषेत. मुंबईचे मोठमोठे लोक सूटबूट घालून येतात आणि त्यातला एक शब्द त्यांना कळत नाही. म्हणून स्टेजच्या वर एक पट्टी असते, तिच्यावर इंग्रजीत अर्थ येतो. सगळं थेटर वर बघून वाचतं आणि खाली बघून समजून घेतं. म्हणजे तिथं सगळे तुझ्याच रांगेत. तुला फक्त पट्टी मराठीत पाहिजे, ती मी आत्ताच देते.

एका बंदरावर एक हट्टी म्हातारा आहे, त्याची पिठाची चक्की. त्याच्या मुलीला एका खलाशाशी लग्न करायचंय. म्हातारा म्हणतो, पाण्यावरच्या माणसाला मुलगी देणार नाही. हा पहिला अंक, त्यात नुसतं भांडण. दुसऱ्यात मुलगी बापाचा कोट अन् टोपी घालून जहाजावर चढते. तिकडं खलाशी तिलाच शोधायला गावात आलेला असतो. दोघांची चुकामूक. ती डेकवर एकटी उभी राहून गाते तेव्हा तिच्याकडे नीट बघ. तिसऱ्यात म्हातारा स्वतः होडी घेऊन निघतो, मुलीला घरी आणतो, खलाशालाही आणतो, आणि लग्नात सगळ्यात जास्त तोच नाचतो. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याचा आवाज इतका जाड आहे म्हणे, की तोही तुला ऐकू आला नाही तर मी नाव बदलेन.

सूर समजायला तुला कान पाहिजेतच असं नाही. पाट्यावर वाटणाऱ्या बाईचा खांदा बघून तू सांगायचीस की ही मनात गातेय. ये. नाही आवडलं तर मध्यंतरात उठून आपण दोघी आइस्क्रीम खाऊ.

मामांनाही आण. त्यांचं तिकीट काढलंय.

तुझी प्रियदर्शनी


मुंबई,
२८ जानेवारी २०२५

आत्या,

तुम्ही पोचलात हे मामांनी कळवलं. जाताना तुझी गाडीची घाई, माझी कामाची, आणि फाटकापाशी तो हॉर्नचा गोंगाट. तू मला दोनदा विचारलंस, "कसं झालं गं?" मी दोन्ही अंगठे वर केले, पण तेवढ्यानं ते सांगून होत नाही. म्हणून लिहिते.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी आपल्याला लोक यायच्या आधी आत सोडलं. मी तुला स्टेजवर नेलं, आणि तू लाल खुर्च्यांकडे बघत उभी राहिलीस, वाळवणाची राखण करायला उभी राहतेस तशी. मी म्हटलं, गा. तू मान हलवलीस. मी तुझ्या कानाशी येऊन सांगितलं की मी वर जाते, सगळ्यात वर. ऐकू आलं तर हात वर करेन, सूर गेला तर सरळ सांगेन, छान छान म्हणणार नाही. मामा पहिल्या रांगेत बसून टोपी हातात फिरवत होते.

मी जिना चढून वरच्या गॅलरीत पोचले. आधी तू खाकरलीस. तेही मला ऐकू आलं! मग तू सुरू केलंस.

लेकीच्या गं गावा, उंच सोन्याची माडी,
चढूनी आले बाई, नेसून इरकल साडी.

ही ओवी मी आधी कधी ऐकली नव्हती. तू तिथंच जोडलीस ना? शब्दन् शब्द आला, आत्या. 'माडी'वरचा हेलकावासुद्धा. माईक नाही, काही नाही, तुझा आवाज खालून उठला आणि माझ्याजवळ येऊन बसला. तिकडं दोघं जण शिडीवर चढून दिवे बदलत होते. त्यांचे हात थांबले. तू डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होतीस, आणि मी हात वर केला तो खाली घ्यायचंच विसरले.

आता कबूल केल्याप्रमाणे खरं सांगते. दुसऱ्यांदा 'चढूनी' म्हणताना सूर थोडा वर सरकला. पुढच्या ओळीत तो तुझा तू परत जागेवर आणलास. कसा आणलास ते मला कळलं नाही. गळ्याला आठवण असते बहुतेक.

आणि तू 'लेकीच्या' म्हणालीस. भाचीच्या म्हटलं असतंस तर ओवीत बसलंही नसतं, हे मला कळतं. तरीपण मी ते माझ्याकडे ठेवून घेतलंय.

तुझी लेक,
प्रियदर्शनी


युसूफ वडगाव
१९ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनीला आत्याचा आन् तुझ्या मामाचा आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. वाचून झालं की घडी घालते, पुन्हा उघडते. सूर सरकला ते लिवलंस ते लई बरं केलंस. आता बाकीचंबी खरं वाटतं.

हुरड्याला आलेली मानसं इचारतेत, मुंबईत काय बघितलं. समदी समुद्राचं इचारतेत. मी म्हनते, समुद्र न्हाई बघितला, थेटर बघितलं. तो जाड्या आवाजाचा म्हातारा मला ऐकू आला! पहिल्या अंकात तो पोरीवर वरडला तवा खुर्चीच्या दांडीतून माझ्या हातात आवाज आला, आन् मग कानातबी. मी ह्यांचा हात धरून म्हनले, आलं, आलं. लोकं मागं वळून बघाया लागली. माझ्या बाजूच्या पारशी बाईनं मला गप न्हाई केलं, उलट तिची छोटी दुर्बीण दिली. दुर्बिनीतून त्या पोरीचा गळा बघितला. डेकवर एकटी गाताना तिनं श्वास कुठं घेतला, कुठं राखून ठेवला, समदं दिसलं. ती पोरगी चांगली गाते, प्रियदर्शनी. मला एक सूर आला न्हाई तरी सांगते.

आता हिकडचं सांगते. सिदूच्या घरी नात झाली. काल बारसं व्हतं. पाळन्याजवळ बाया बसल्या, आन् सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग लगेच दुसरीकडं बघितलं. मला वाईट वाटू नये म्हनून. मी म्हनले, थांबा, मी गाते. पन एक करा. बायनाबाई, तू माझ्या शेजारी बस, तुझा हात माझ्या खांद्यावर ठिव. सूर वर गेला तर हात दाब, खाली गेला तर उचल. कडवं संपलं की थापटी मार, म्हंजे मी एकटी पुढं जायची न्हाई. बायनाबाई गुडघा धरीत येऊन बसली.

म्या पाळना म्हनला. अख्खा. डोळे उघडे ठेवून, समद्यांच्या तोंडाकडं बघत. सिदूची सून रडत व्हती, लेकरू झोपून गेलतं. बायनाबाईनं थापटी बरूबर मारली, पन हात एकदाबी दाबला न्हाई, उचललाबी न्हाई. मला लई हुरूप आला.

समद्या गेल्यावर मी तिला इचारलं, खरं सांग, सूर कुठंच गेला न्हाई? तर बया म्हनते, "गेला आसंल बाई. मी ऐकतच बसलते, दाबायचं इसरूनच गेले."

तुझी आत्या,
मंजुळाबाई